लहान मुलांच्या हातांनी दिवाळीचा किल्ला: मुंबईतल्या इमारतीत तो कसा उभारावा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुंबईतल्या चाळींच्या अंगणात आणि सोसायट्यांच्या कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. बहुतेक ठिकाणी ते बांधतात सातवी-आठवीतली मुले आणि त्यांचे उत्साही बाबा-काका, तर तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या वाट्याला ‘तिकडे पाय देऊ नकोस’ एवढेच वाक्य येते. मुलुंडच्या आमच्या इमारतीत गेली काही वर्षे आम्ही याच लहान मुलांना घेऊन किल्ला करतो. तो स्पर्धेत कधी आला नाही, पण प्रत्येक मुलाला त्यातला आपला बुरूज ओळखता येतो. या वयाच्या मुलांकडून किल्ला करून घ्यायचा तर कामाचा क्रम, सामान आणि मोठ्यांची वागणूक या तिन्ही गोष्टी थोड्या बदलाव्या लागतात, आणि तो बदल नेमका कसा करायचा हे इथे सविस्तर सांगतो.

मोठ्यांच्या वागणुकीबद्दलचा नियम सुरुवातीलाच सांगितलेला बरा. जड उचलणे, कापणे आणि विजेशी संबंधित काम एवढे मोठ्यांचे. बाकी सगळे मुलांचे. एका वर्षी माझ्या पाच वर्षांच्या पुतण्याचा बुरूज एका बाजूला कलला होता, म्हणून तो झोपल्यावर मी रात्री खाली जाऊन तो नीट करून ठेवला. सकाळी त्याने बुरूज पाहिला, “काका, हा माझा नाही,” म्हणाला आणि पुढचे दोन दिवस किल्ल्याकडे फिरकला नाही. तेव्हापासून पडायला आलेला बुरूजसुद्धा ज्याने केला त्याच्या परवानगीशिवाय आमच्याकडे कोणी हलवत नाही.

जागा आणि परवानगी

किल्ल्यासाठी तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी जागा पुरते. लहान मुलांचा हात दीड फुटाच्या पलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे किल्ला त्याहून मोठा केला तर मधला भाग आपोआप मोठ्यांच्या ताब्यात जातो. जागा निवडताना तिथे रोज तीन-चार तास तरी ऊन येते ना, हे पाहावे, कारण जिन्याखालच्या अंधारात अळीव उगवले तरी पांढरट आणि लांबट होऊन आडवे पडते. गाड्या मागे घेण्याची जागा, गटाराची जाळी आणि आग लागल्यास बाहेर पडण्याचा रस्ता, या तीन ठिकाणी किल्ला करू नये.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटावे आणि शक्यतो मुलांनाच बोलू द्यावे. “काका, आम्ही भाऊबीजेनंतर सगळं साफ करून देऊ,” असे सहा वर्षांच्या मुलीने सांगितले की परवानगी लवकर मिळते, आणि पुढे साफसफाईच्या दिवशी त्या शब्दाची आठवणही करून देता येते. जमिनीवर जुन्या फ्लेक्सचा तुकडा किंवा ताडपत्री अंथरावी. त्यामुळे फरशीवर मातीचे डाग राहत नाहीत आणि शेवटी माती गोळा करणे सोपे जाते.

आधी एक गड पाहून यावा

ज्या मुलाने तटाला हात लावलेला नाही, त्याला तट म्हणजे फक्त भिंत वाटते. सुदैवाने मुंबईत त्यासाठी लोकल पुरते. शीवचा किल्ला स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि छोट्या टेकडीवर असल्यामुळे चार वर्षांचे मूलही तो चढते. शिवडीच्या किल्ल्यावरून खाडी दिसते, तर वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला असून तो थेट समुद्राच्या तोंडावर आहे. हे किल्ले मराठ्यांचे नाहीत, हे मुलांना सरळ सांगावे. उंच जागा का निवडतात आणि भिंत जाड का ठेवतात, हे मात्र ते तितक्याच चांगल्या रीतीने शिकवतात. जमल्यास एखाद्या सुट्टीत वसईचा किल्लाही पाहावा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो जिंकला आणि त्याचे दरवाजे व तट आजही मुलांना फिरून पाहता येतात.

तिथे गेल्यावर इतिहासाचे व्याख्यान देऊ नये. मुलांना मोजायला, शोधायला आणि हात लावायला सांगावे: पायऱ्या किती आहेत, भिंतीतल्या कोणत्या भोकातून बाहेर दिसते, भिंतीवर तू झोपलास तर मावशील का. बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांना जंग्या म्हणतात आणि तटाच्या माथ्यावरच्या दातेरी भागाला चर्या म्हणतात, हे शब्द तिथेच, वस्तू समोर असताना दिले की ते कायमचे लक्षात राहतात.

नकाशा कणकेचा

मोठी मुले कागदावर नकाशा काढतात, पण वरून पाहिलेले चित्र पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसत नाही. त्याऐवजी एका ताटात मूठभर कणकेचा गोळा द्यावा आणि त्यालाच डोंगर करायला सांगावे. एकापेक्षा जास्त मुले असतील तर प्रत्येकाने आपला डोंगर करावा आणि मग सगळ्यांनी मिळून कोणाची माची (म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंद सपाटी), कोणाचा बुरूज घ्यायचा ते ठरवावे. कणकेला मीठ आणि हळद लावून ठेवली तर ती दोन-तीन दिवस टिकते आणि खाली काम चालू असताना ताट शेजारी ठेवता येते.

खरा गड नजरेसमोर हवा असेल तर राजगड घ्यावा. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, हा आकार मुलांना हाताच्या पंजावरही दाखवता येतो. रायगड भव्य आहे, १६७४ चा राज्याभिषेक तिथलाच, पण त्याचा सपाट माथा आणि त्यावरच्या इमारती लहान हातांना अवघड जातात. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांमध्ये हे दोन्ही आहेत. त्यातला खांदेरी तर मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या समुद्रात आहे, आणि छोट्या घरासाठी तोच सर्वांत सोयीचा ठरतो, त्याविषयी पुढे येईलच.

सामान

चार घमेली लाल माती नर्सरीतून आणावी. इमारतीच्या मागची माती फुकट मिळत असली तरी ती घेऊ नये: पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाचा धोका असतो आणि काचाही निघतात. आणलेली माती दोन दिवस कडक उन्हात पसरावी आणि मग जुन्या चाळणीने चाळून घ्यावी. हे चाळणे तीन वर्षांच्या मुलाचे आवडते काम असते, म्हणून ते उरकून टाकू नये.

याशिवाय विटांचे तुकडे आणि दगड, दोन-तीन पुठ्ठ्याचे खोके, रद्दी, वाण्याकडून मागून आणलेली दोन गोणपाटे, ओंजळभर बारीक खडी, नारळाच्या शेंड्या, श्रीखंडाचा रिकामा डबा किंवा करवंटी, आइस्क्रीमच्या काड्या, काडेपेटीची खोकी, शंभर ग्रॅम अळीव आणि फवाऱ्याची बाटली एवढे पुरते. मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज दादर, लालबाग किंवा जवळच्या कुठल्याही बाजारात मिळतात. ही खरेदी मात्र सर्वांत शेवटी करावी, नाहीतर मुले मावळ्यांशी खेळत बसतात आणि डोंगर राहून जातो.

पहिला दिवस: पाणी, मग दगड

नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी कामाला सुरुवात करावी. पहिला दगड ठेवण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा: गडावर पाणी कुठून येणार? आमच्याकडे हा प्रश्न मुलांनीच शोधला. “मावळे आंघोळ कुठे करतात?” असे पुतण्याने विचारले आणि आमच्यापैकी कोणीही पाण्याचा विचारच केलेला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, नेमके हेच बजावले आहे की गड बांधायचा तर आधी पाणी पाहावे. रायगडावर गंगासागर, राजगडावर पद्मावती तलाव, शिवनेरीवर खडकात खोदलेली गंगा-जमुना टाकी, आणि सिंधुदुर्गावर तर चहूकडे खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ही नावे ऐकल्यावर मुले आपल्या टाक्यालाही नाव देतात, आणि मग किल्ला नुसता देखावा न राहता माणसे राहतात अशी जागा होते.

म्हणून टाक्याची जागा आधी ठरवावी. श्रीखंडाचा डबा कणकेच्या नकाशानुसार माथ्यावर कुठे येईल ते पाहून तेवढ्या उंचीचा विटांचा चौथरा रचावा आणि डबा त्यावर ठेवून बाकीचा डोंगर त्याच्याभोवती उभारावा. डबा शेवटी खुपसायला गेले की सुकलेली माती फुटते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

डोंगराचा गाभा सबंध मातीचा करू नये, कारण तो जड होतो, आतून सुकत नाही आणि खचतो. तळाला मोठे दगड, मधे रद्दी ठासून भरलेली खोकी आणि फटींमध्ये विटांचे तुकडे अशी रचना करावी. उंची दीड फुटाच्या आत ठेवावी. दगड हलतो का हे पाहण्याचे काम मुलांना द्यावे. प्रत्येक दगड दोन हातांनी हलवून “हलतोय” किंवा “बसला” असे ओरडून सांगायचे. यात चाळीस मिनिटे जातात, आणि या वयाच्या मुलांसाठी एका बैठकीला तेवढीच वेळ ठेवावी.

दुसरा दिवस: गोणपाट आणि चिखल

मुलांना सर्वांत जास्त आनंद याच दिवशी होतो, तेव्हा घाई करू नये. जुने कपडे घालावेत, नखे कापलेली असावीत, पायाला जखम असेल तर ती झाकून बूट घालावेत.

चिखल दोन प्रकारचा लागतो. पहिला पातळ, घावनाच्या पिठासारखा. त्यात गोणपाट पूर्ण बुडवावे, दोन्ही टोकांना दोन मुलांनी धरावे आणि टपटप गळत असतानाच ते गाभ्यावर पांघरावे. टाक्याच्या जागी मोठ्यांनी कात्रीने भोक पाडावे. मग मुलांनी बोटांनी चिमटे काढून गोणपाटाला घड्या पाडायच्या. वरून खाली उतरणाऱ्या या घड्या सुकल्या की कडक होतात आणि सह्याद्रीच्या कड्यांसारख्याच दिसतात. आमच्या गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात, तेव्हा घड्या पाडण्याआधी मुलांना वर नेऊन डोंगरावर पाणी कुठून वाहत असेल ते पाहायला सांगतो. त्यानंतर त्यांच्या घड्या आडव्या न पडता उभ्याच पडतात.

दुसरा चिखल घट्ट, थालीपिठाच्या पिठाइतका. शेंड्या सोलून काढलेला काथ्या बोटभर लांबीचे तुकडे करून त्यात मिसळावा, म्हणजे सुकताना भेगा कमी पडतात. चिखल बरोबर झाला का हे मुलांनाच तपासू द्यावे: लाडवाएवढा गोळा करून गुडघ्याच्या उंचीवरून खाली टाकायचा. तो फुटला तर पाणी कमी, पसरला तर पाणी जास्त, आणि किंचित चपटा होऊन गोळाच राहिला तर काम सुरू करायला हरकत नाही. हा घट्ट चिखल माथ्यावर, माच्यांवर आणि उतारांवर एक-सव्वा इंच जाडीने थापावा. उभे कडे उघडे ठेवावेत. तीन-चार वर्षांच्या मुलांना चापट्या मारून थापता येते, आणि हाताचे ठसे उमटले तर ते पुसू नयेत.

तिसरा दिवस: तट, दरवाजा, वाट

रात्रीतून भेगा पडतातच. पातळ चिखलात बोट बुडवून भेग भरणे हे दिवसाचे पहिले काम. त्यानंतर माच्यांच्या कडेने घट्ट चिखलाच्या वळ्या ठेवून त्यात खडी दाबत जावे, म्हणजे दगडी तट तयार होतो. चर्यांसाठी वेगळे हत्यार लागत नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना जीभ ओठावर ठेवून, एक-एक बोटाची जागा सोडत, ओल्या तटाच्या माथ्यावर अंगठा दाबत गेली होती; तिच्या अंगठ्याएवढ्या खाचा आणि मधे उरलेले दात, यापेक्षा चांगल्या चर्या मी कोरणीने केलेल्या नाहीत.

दरवाजा बसवताना खेळ करावा. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवलेला आहे की वाटेवरून येणाऱ्याला तो समोर येईपर्यंत दिसत नाही. मुलाने आपली दोन बोटे शत्रूची समजून पायथ्यापासून चालवत आणावीत आणि प्रत्येक वळणावर “दरवाजा दिसला का?” हे डोळा जमिनीपाशी नेऊन पाहावे. दिसला तर एक बुरूज पुढे सरकवायचा. सहा-सात वर्षांची मुले या खेळात तासभर रमतात आणि वाट वळणावळणाची का असते, हे त्यांना सांगावे लागत नाही. दरवाजाला काडेपेटीचे खोके, दारांना आइस्क्रीमच्या काड्या आणि पायऱ्यांना पट्टीची कड दाबून केलेल्या खुणा पुरतात.

चौथा दिवस: अळीव पेरणे

मोहरी उतारावरून घरंगळते, अळीव घरंगळत नाही. वाटीभर पाण्यात अळीव दहा-पंधरा मिनिटे भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येते आणि त्यामुळे तो मातीला चिकटून राहतो. हा बुळबुळीतपणा मुलांना आधी किळसवाणा आणि मग फार गमतीचा वाटतो. भिजलेले अळीव मूठभर बारीक मातीत कालवून चिमटी-चिमटीने उतारांवर लावावे. दाणे एकमेकांवर चढले तर मुळे कुजतात, म्हणून दोन दाण्यांत तांदळाएवढे अंतर असावे. वाट, तट आणि कडे मोकळे ठेवावेत. निम्मे अळीव राखून ठेवावे, कारण कबुतरे एखादा उतार साफ करतातच.

पाणी तांब्याने घालू नये. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी आणि संध्याकाळी फवाऱ्याने माती ओलसर ठेवावी, आणि परतीचा पाऊस आलाच तर झाकायला एक प्लास्टिक हाताशी असावे. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे साधारण पहिल्या अंघोळीच्या सुमारास, डोंगर हिरवा होतो. फवारणीच्या पाळ्या मुलांमध्ये वाटून द्याव्यात आणि ज्याची पाळी त्याला आठवण करण्यापलीकडे काही करू नये.

उरलेल्या दिवसांत सजावट करावी. गेरूचे पाणी, कोळशाची पूड, कागदाचे भगवे झेंडे, पायथ्याशी रांगोळीच्या रेषांनी शेते; यात मुलांना कोणी शिकवण्याची गरज नसते. सात-आठ वर्षांच्या मुलांनी गडाच्या भागांच्या पाट्या लिहाव्यात, आणि शुद्धलेखनाची चूक असली तरी पाटी तशीच लावावी.

गॅलरीतला जलदुर्ग

जिथे अंगण नाही तिथे मोठ्या परातीत खांदेरी किंवा सिंधुदुर्ग करावा. एक वाडगा परातीत उपडा ठेवून त्यावर घट्ट चिखल थापला की बेट होते, आणि कडेने खडीचा तट लावला की जलदुर्ग. समुद्र निळ्या रांगोळीचा करावा, कारण खरे पाणी ओतले की तटाचा पाया विरघळतो. मात्र शेवटच्या दिवशी ते मुद्दाम ओतून पाहावे. पाणी हळूहळू तट खाते आणि एक बाजू कोसळते, हे मुले श्वास रोखून पाहतात. सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड शिसे ओतून पक्के केले होते, हे सांगण्याची खरी वेळ तीच. गॅलरीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये परात ठेवू नये. ओली माती जड असते आणि खालून माणसे जात असतात.

दिवे, फटाके आणि डास

पणत्या किल्ल्याच्या पायथ्याशी, झेंड्यांपासून हातभर लांब ठेवाव्यात आणि पेटवताना मोठे माणूस सोबत असावे. ओल्या मातीवर विजेची माळ सोडू नये. बॅटरीचे छोटे दिवे पुरतात. किल्ल्यात सुतळी बॉम्ब पुरून तो उडवण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. तिला आम्ही ठाम नकार देतो, कारण त्या मातीत खडी असते आणि ती लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर उडते. तीन वर्षांखालचे भावंड जवळपास असेल तर तोफा आणि मावळे रात्री उचलून ठेवावेत, ते तोंडात जातात.

टाक्यातले पाणी एक दिवसाआड पूर्ण ओतून, डबा आतून पुसून नवे भरावे. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि हा त्याच्याच हंगामाचा काळ असतो. आमच्याकडे या कामाला ‘टाके उपसणे’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला त्या दिवसापुरता किल्लेदार म्हणतात, त्यामुळे त्यासाठी भांडणे होतात.

किल्ला उतरवणे

भाऊबीजेनंतरच्या रविवारी किल्ला उतरवावा आणि तेही मुलांनीच करावे. बांधण्याच्या उलट क्रमाने जायचे: मावळे धुऊन डब्यात, झेंडे आणि पाट्या पाकिटात, टाके रिकामे, मग अळिवासकट वरची माती फोडून घमेल्यात. ती माती घरोघरच्या कुंड्यांमध्ये वाटावी. अळिवाची मुळे त्यातच कुजतात आणि मातीला फायदाच होतो. गोणपाट झटकून वाळवले तर पुढच्या वर्षी चालते. दगड-विटा भिंतीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवाव्यात, फ्लेक्स धुऊन घडी करावा आणि जागा झाडून झाल्यावर, ज्या मुलीने परवानगी मागितली होती तिनेच जाऊन सेक्रेटरी काकांना जागा दाखवून यावी.